नेम कशावर होता

आमचं घर म्हणजे एक पाल होतं. मालकांच्या शेताच्या बांधाला, दोन लिंबांच्या मधे. पुढं तीन दगडांची चूल, मागं मेंढ्यांचा वाडगा. गाव पिशोरच्या अलीकडं, सडकेपासून चांगलं आत. आमची माणसं वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागं चालणारी, पण माझ्या पाठचा भाऊ वाटेतच तापानं गेला आणि मायनं चालायला साफ नकार दिला. "आता माझा पाय निघायचा नाय," एवढंच ती म्हणाली. आबा तिच्यापुढं कधी हरले नव्हते, तेव्हा हरले. त्या हरण्यामुळं मी शाळेत गेले. सकाळी मेंढीच्या दुधात कालवलेल्या ज्वारीच्या कण्या, दुपारी भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी अंबाडीची भाजी. पालात उठता-बसता मेंढ्यांचा आवाज असायचा. तो थांबला की समजायचं, लांडगा तरी आलाय किंवा कुणी परकं माणूस.

नेम हा शब्द आमच्या घरात दिवसातून दहा वेळा यायचा. आबांचा ऐतवारचा नेम होता. देवाला भंडारा वाहून, सूर्य बुडल्यावरच ते पाण्याचा घोट घ्यायचे. भाऊ गेल्यापासून माय कुठल्याही बोलण्याच्या शेवटी "माणसाचा काय नेम" म्हणायची. कुणी बाजाराला निघालं तरी म्हणायची, मेंढी गाभण राहिली तरी म्हणायची. आणि माझ्याबद्दल सगळा गाव म्हणायचा, "धुरपाचा नेम चुकत नाय." हे तिन्ही नेम एकच शब्द आहेत का तीन, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. माझं सगळं ध्यान तिसऱ्यावर. मला त्याचा गर्व होता.

गोफण मी आबांकडून शिकले. लोकरीच्या दोन दोऱ्या, मधे दगड बसेल एवढी विणलेली पट्टी. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक मुठीत. डोक्यावर दोन फेरे आणि तिसऱ्याला टोक सोडायचं. आबा म्हणायचे, "जोर हातात नसतो, सोडण्यात असतो." ज्वारी हुरड्यात आली की मालक मला पाखरं राखायला माचावर बसवायचे. चार मेढींवर बांधलेला तो माच, खाली माणूस कपाळापर्यंत बुडेल एवढी ज्वारी, आणि वर मी. दिवसभर हो-हो करत आरोळ्या द्यायच्या आणि थवा उतरला की गोफण फिरवायची. त्यात शाळा बुडायची. एक दिवस, चार दिवस, मग पंधरा.

गुरुजी शहराकडचे. आम्ही त्या शहराला औरंगाबादच म्हणायचो. आता मी त्याच शहरात, चिकलठाण्याच्या अंगाला राहते, पाटीवर नवं नाव आहे, तरी जुन्या गोष्टी सांगताना तोंडात जुनंच येतं. गुरुजी उंच, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्या टेबलावर पुठ्ठा निखळलेला एक जाडजूड शब्दकोश असायचा आणि कुठलाही शब्द अडला की ते पानं उलटायचे, अगदी पोरांनी शिवी दिली तरी. पंधरा दिवस मी दिसले नाही म्हणून ते पालावर आले. आबा विहिरीवर मेंढ्यांना पाणी पाजत होते, गावातली चार माणसंही होती. गुरुजी म्हणाले, "मल्हारी, पोरगी हुशार आहे. तिला माचावर बसवू नका." आबा एक तर उपाशी, ऐतवार होता, त्यात चार माणसांत कुणी शिकवलेलं त्यांना सोसायचं नाही. ते ओरडले, "माझ्या पोरीचं मी बघीन. पुन्हा तिच्या मागं आलात तर गोफण काय असती ते दावीन!" गुरुजी आल्या वाटेनं परत गेले. पण ते वाक्य चार माणसांनी ऐकलं होतं. गावात अशी वाक्यं मरत नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशीची दुपार. ऊन डोक्यावर आलेलं, थवा नुकताच उडवून लावलेला. आबा टेकाडावर मेंढ्या चारत होते, मला त्यांचं मुंडासं तिथून दिसत होतं. आणि मला ज्वारीच्या कणसांवरून काहीतरी पांढरं सरकताना दिसलं. ते बगळ्यासारखं नव्हतं. ते थांबायचं, पुन्हा सरकायचं. ती टोपी होती. गुरुजी बांधाबांधानं न येता मधल्या पायवाटेनं माचाकडं येत होते. आबांनी मान वळवली की त्यांना टोपी दिसणार होती. आबांच्या कमरेला गोफण होती. हाक मारावी तर ती टेकाडापर्यंत गेली असती. खाली उतरून पळत जावं तर तोवर उशीर झाला असता. मला काहीही करून गुरुजींना तिथूनच माघारी लावायचं होतं.

पायवाटेच्या कडेला, गुरुजींच्या पंधराएक पावलं पुढं, एक जुनी बाभळ होती. तिच्या खोडावर दगड बसला की काय आवाज होतो ते मला ठाऊक होतं, कारण रिकाम्या वेळात मी तेच करायचे. असा आवाज झाला की गुरुजी दचकतील, समजतील, मागं फिरतील. मी दगड लावला. दोन फेरे घेतले. तिसऱ्या फेऱ्याला, टोक सोडायच्या अगोदरच, माझ्या कानापाशी 'तट' असं वाजलं आणि हात एकदम हलका झाला. पट्टीजवळची दोरी विरलेली होती. आबा आठ दिवस सांगत होते, नवी वळून घे. मी आळस केला होता.

बाभळीवर आवाज झाला नाही. दुसराच एक आवाज आला, मऊ, जमिनीवर ओलं कापड आपटल्यासारखा. मग "आई गं." एकदाच. आणि टोपी दिसेनाशी झाली.

मी किती वेळ माचावर उभी होते, मला सांगता येणार नाही. तुटकी गोफण हातात होती. पाखरांचा थवा परत आला, माझ्या समोर कणसांवर बसला आणि दाणे खाऊ लागला. मी त्यांना उडवलं नाही. ज्वारी हलत होती, पण ती वाऱ्यानं का माणसानं, कळत नव्हतं. आजही सत्तरीच्या पुढं गेलेली मी, घरात कुणी झटक्यात दोरा तोडला तरी माझा हात छातीशी जातो. शेवटी मी उतरले. पळत गेले नाही. कणसं बाजूला सारत, एकेक पाऊल टाकत गेले, कारण पुढं काय दिसेल ते मला बघायचं नव्हतं. गुरुजी गुडघ्यावर बसले होते, डाव्या डोळ्यावर दोन्ही हात. बोटांमधून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्यांनी विचारलं, "कोण आहे?" मग मी किंचाळले आणि आबा टेकाडावरून धावत आले.

गुरुजींना बैलगाडीत घालून सडकेपर्यंत नेलं, तिथून मिळेल त्या गाडीनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. गाडी निघाली आणि माणसं माझ्याभोवती जमली. पोलीस पाटील गावातलेच, चौकीला गावची खबर पोचवणारे. त्यांनी माझा दंड धरला. "पोरी, खरं सांग. नेम धरला व्हतास का?"

मी धरला होता. बाभळीवर धरला होता. खोटं बोललं की देव जीभ झडवतो असं माय सांगायची, आणि त्या घटकेला मला देवाचं, पोलीस पाटलाचं, आबांचं, सगळ्यांचंच भय वाटत होतं. मी म्हणाले, "व्हय."

गर्दीतून एक हुंकार उठला. कुणीतरी म्हणालं, "हिचा नेम चुकत नाय." कुणीतरी विहिरीवरचं वाक्य काढलं. मला पुढचं सांगायचं होतं, बाभळीचं, दोरीचं, पण माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे आबांकडं बघत होते. पोलीस पाटील म्हणाले, "मल्हारी, पोरीच्या हातानं काम केलंस व्हय रं?" आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरंच वाटलं होतं, की त्यांच्या बोलण्यावरून मी हे केलं.

त्या दिवशी चुलीपुढं मायनं विचारलं, "कुठाय ती?" मी परकराच्या नेफ्यातून तुटकी गोफण काढून दिली. तिनं ती एकदा उलटीसुलटी केली आणि जाळात टाकली. लोकर जळल्याचा वास पालभर पसरला. मी म्हणाले, "माय, दोरी तुटली व्हती." ती म्हणाली, "गप. तू काय बी फेकलं नाय. तुझ्यापाशी गोफण नव्हती." तिला वाटत होतं ती मला वाचवतेय. तुटलेलं टोक दाखवायला आता काहीच उरलं नाही, हे मला लगेच कळलं. तिला सांगण्याची हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला वासांनी आणि आवाजांनीच आठवतात. आबांना रोज सकाळी चावडीत नेऊन बसवायचे आणि दिवेलागणीला सोडायचे. गुरुजी बोलते झाले की त्यांचं म्हणणं घेऊन कागद चौकीला जाणार होता. मेंढ्या वाडग्यातच उपाशी ओरडायच्या. माय त्यांना पाला टाकायची आणि मधेच थांबून सडकेकडं बघायची. सडकेवर गाडीचा आवाज आला की मी पालाबाहेर येऊन उभी राहायचे. गुरुजी गेल्याची खबर आली असेल, आबांना न्यायला आले असतील. भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहायचा. माय म्हणायची, "खा, माणसाचा काय नेम." पहिल्यांदाच त्या वाक्याचा अर्थ माझ्या पोटात उतरला. आबा आल्यावर तोंड धुवायचे आणि मेंढ्यांत जाऊन बसायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. मी आवाज न करता रडायला शिकले, परकराचा बोळा दातांत धरून.

सहाव्या दिवशी गुरुजी दवाखान्यातून गावात आले. सातव्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, आमच्या पालाशी येऊन उभ्या राहिल्या. नेहमी हसतमुख असणाऱ्या बाई, त्यांचे डोळे सुजले होते. त्या माझ्याकडं न बघता मायला म्हणाल्या, "चावडीत बोलावलंय. मुलीला घेऊन या." मायनं विचारलं, "डोळा?" बाई म्हणाल्या, "गेला." आणि वळून चालू लागल्या. आम्ही दोघी त्यांच्या मागून निघालो. तेवढी वाट माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वाट. दारादारांतून बायका बघत होत्या. मायनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर दोन दिवस वळ होते.

चावडीत मालक होते, गावची आठ-दहा माणसं होती, आबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. गुरुजी खुर्चीवर. डोक्याला पट्टी गुंडाळलेली, डावी बाजू पूर्ण झाकलेली, टोपी नाही. पोलीस पाटलांनी कागद वाचला. "मुलीनं नेम धरून दगड मारल्याचं पंचांसमोर कबूल केलं."

गुरुजींचा आवाज बारीक झाला होता. "हे तिचं बोलणं आहे का तुमचं?"

"तिनं व्हय म्हणलं, गुरुजी. समद्यांच्या म्होरं."

"तुम्ही काय विचारलंत?"

"नेम धरला व्हता का म्हणून."

"कशावर?"

पोलीस पाटील गोंधळले. "कशावर म्हंजे? दगड तुमाला लागला. आन हिचा नेम चुकत नाय, हे गावाला ठावं हाय."

गुरुजींनी मला शोधायला सगळं तोंड वळवलं. "धुरपा, इकडं ये. नेम धरला होतास?"

"व्हय."

आबांनी डोळे मिटले.

"कशावर?"

आठवडाभर हा एक शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी म्हणाले, "बाभळीवर. तुमच्या म्होरल्या." मग सगळंच एका दमात बाहेर पडलं. "आवाज झाला की तुम्ही माघारी जाल म्हणून. आबा टेकाडावर व्हते. त्यांनी तुमाला बघितलं असतं तर... दोरी तुटली, गुरुजी. मी नवी वळली नव्हती."

"गोफण कुठं आहे?"

मी मायकडं पाहिलं. चावडीत बायका बोलत नसत. माय दारातच उभी होती, पदर कपाळावर ओढून. ती म्हणाली, "म्या जाळली. म्या भ्याले."

"बघा!" पोलीस पाटील म्हणाले. "पुरावाच जाळला."

माणसं कुजबुजू लागली. मला वाटलं, संपलं. गुरुजींनी हात वर केला. ते शिकवताना बोलायचे तसंच बोलू लागले, फक्त मधे मधे थांबत. "पाटील, तुम्ही जो शब्द लिहिलाय तो जरा बघा. नेम हा नियमातून आलेला. नियम म्हणजे मुळात आवरून धरणं. मल्हारी ऐतवारी पाणी पीत नाही, स्वतःला आवरून धरतो, तो नेम. हिची आई म्हणते माणसाचा काय नेम, तेव्हा तिला भरवसा म्हणायचं असतं. आणि गोफणीचा नेम तिसरा. तिथं नजर आवरून एका जागी धरायची असते. तुम्हाला विचारायचं होतं, गुरुजींना मारायचा इरादा होता का. विचारलंत नेम. त्या पोरीनं नेमाचं उत्तर दिलं, तुम्ही इराद्याचं लिहून घेतलंत."

"पर तिचा नेम चुकत नाय ना गुरुजी!" पोलीस पाटील म्हणाले.

"मालक," गुरुजी म्हणाले, "दोन सुग्या ही तुमची पाखरं राखते. एखादं तरी पाखरू मेलेलं सापडलं?"

मालकांनी मान हलवली. "नाय. एक बी नाय. थव्याच्या पलीकडं दगड टाकती, उडवून लावती."

"म्हणजे ती रोज शेजारीच नेम धरते. मलाही तसंच उडवायचं होतं तिला." ते थांबले. कपाळावर घाम आला होता, त्यांच्या बाईंनी पुढं होऊन पुसला. "लिहा, बाभळीवर नेम होता, दोरी तुटली. जखमी माणसाचं म्हणणं हेच आहे."

"आन डोळ्याचं काय?"

"डोळा माझा आहे," गुरुजी म्हणाले.

पोलीस पाटलांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यांचा टाक इतका सावकाश चालत होता की मला त्याचा कुरकुर आवाज अजून आठवतो. सही झाली, तेव्हा आबा उठले. मला वाटलं ते गुरुजींच्या पाया पडतील. ते पडले नाहीत. ते म्हणाले, "हे माझ्या तोंडानं झालं. विहिरीवर." एवढं बोलले आणि बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

गुरुजींनी माझं खरं मानलं, की एका पोरीला आणि तिच्या बापाला सोडवायचं ठरवून ते आले होते, हे मला कधीच कळलं नाही. पुढं अनेक वर्षं त्यांच्याकडं जात राहिले, पत्रं लिहिली, ते थकले तेव्हा त्यांना वाचून दाखवायला गेले. विचारायचं राहून गेलं असं नाही, मी विचारलंच नाही. मला भीती वाटायची. नोकरीच्या पहिल्या पगारातून मी शब्दकोश घेतला आणि सगळ्यात आधी तो शब्द काढला. त्यांनी सांगितलं तसंच होतं, नियम, आणि नियमाच्या आत आवरणं. त्याच्या पुढं ओळीनं नेमका, नेमणं, नेमणूक. बंदूकवाल्या नेमबाजाला मागं जोडलेला फारसी बाज. मी ते पान बराच वेळ वाचत होते आणि माझ्या कानात 'तट' वाजत होतं.

चावडीनंतरच्या सोमवारी आबांनी मला शाळेत आणून सोडलं. वहाणा बाहेर काढून ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. कुणी माझ्या शेजारी सरकलं नाही. मला फक्त एकच गोष्ट हवी होती, त्यांच्या नजरेसमोर बसायचं नव्हतं. म्हणून मी गुरुजींच्या डाव्या हाताच्या भिंतीला जाऊन बसले, त्या बाजूला त्यांना काही दिसत नव्हतं. आठवडा गेला. पट्टी निघाली, तिथं शिवलेली पापणी आली. मी मान खाली घालून लिहायचे आणि प्रश्न आला तरी हात वर करायचे नाही. दुसऱ्या सोमवारी ते हजेरी घेत होते. माझं नाव आलं, मी "हजर" म्हणाले, आणि त्यांनी वहीवरून मान उचलून माझा आवाज कुठून आला ते शोधलं. सगळं तोंड वळवावं लागलं त्यांना.

"धुरपा," ते म्हणाले, "ऊठ. उजवीकडं येऊन बस. त्या भिंतीला तू मला दिसत नाहीस."

मी दप्तर उचललं, त्यांच्या टेबलासमोरून चालत पलीकडं गेले आणि बसले.